मूळ कुणाच्या पट्ट्यात

वकील सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता, म्हणजे भांडण मोठं होणार हे घरात सगळ्यांनी ओळखलं. तो वकील नव्हता. उभा जन्म त्याने कोर्टात टायपिस्ट म्हणून काढला. दुसऱ्यांचे दावे टाइप करता करता आपणच ते लढवतोय असं त्याला वाटायला लागलं, आणि घरानेही त्याला त्याच नावाने हाक मारून तो भ्रम पक्का केला. निवृत्तीनंतर त्याच्याकडे एकच खटला उरला होता, तो म्हणजे मधल्या भावजयीची वेल.

त्याच्या धाकट्या भावाला सगळे ठेकेदार म्हणत आणि तो खरोखरच माती-खडीचा ठेकेदार होता. या घरात टोपणनाव खरं असणं हीही नवलाचीच गोष्ट. वाटणी झाल्यापासून हे दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. आज मात्र ते ओसरीवर एकाच बाकावर बसले होते आणि वकील आपल्या हाताने धाकट्यापुढे बिस्किटांची बशी सरकवत होता. मधली पायऱ्या चढून वर आली, तिने ती बशी पाहिली आणि तिला कळलं की बैठक होऊन गेलीय, आता फक्त निकाल वाचायचा बाकी आहे.

मधली फरश्यांच्या कारखान्यात तपासणीला होती. समोरून सरकत येणाऱ्या प्रत्येक फरशीला टिचकी मारायची, आवाज बद्द आला की ती उचलून बाजूला टाकायची, हे तिचं काम. सासरच्या माणसांनाही ती तशीच टिचकी मारून बघते, अशी धाकट्या जावेची तक्रार होती. तक्रार खोटी नव्हती. नवरा गेल्यापासून तर मधलीने ते लपवणंही सोडून दिलं होतं.

"ताई येईपर्यंत थांबावं लागेल," वकील म्हणाला. तो मधलीशी कधी सरळ बोलत नसे, तिच्या शेजारच्या खांबाशी बोले. "संबंधितांनी बसून घ्यावं."

"खांबाला बसता येत नाही, दादा," मधली म्हणाली. "मी बसते."

आई आतल्या दारात खुर्ची टाकून बसली होती. तिला ऐकू कमी येतं असं सगळ्यांनी ठरवलं होतं, आणि हे सोयीचं आहे म्हणून तिनेही ते चालू दिलं होतं.

ओसरीसमोर टेकडी होती. बाबांच्या तरुणपणी ही टेकडी दुप्पट उंच होती, असं जुनी माणसं सांगत. बाबांनी भट्टी घातली आणि टेकडी खरवडून विटा पाडल्या. अर्धं गाव त्या विटांत राहतं. त्या पैशावर मुलं शिकली, मुलीचं लग्न झालं, घराला वरचा मजला चढला. टेकडीची वरची माती संपली, मग खालची संपली, शेवटी लाल मुरूम उघडा पडला आणि त्यावर गवताचं पातंही उगवेना. तेव्हा बाबांनी भट्टी बंद केली आणि आता मी दमलो असं जाहीर केलं. दमली टेकडी होती.

वाटणीच्या वेळी त्यांनी टेकडीचे तीन उभे पट्टे केले, माथ्यापासून पायथ्यापर्यंत. आडवे केले असते तर वरच्याने खालच्यावर पाणी सोडलं असतं. आपल्या पोरांना ते चांगले ओळखून होते. भट्टीच्या दिवसांत ही पोरं एकमेकांच्या ढिगातून पाट्या भरून पळवत, म्हणून बाबांनी वर एक नियमही घालून दिला: दुसऱ्याच्या पट्ट्यात ना पाय, ना हात. बाबांचं बाकी काहीही या घराने पाळलं नाही. त्यांची औषधं वेळेवर दिली नाहीत, त्यांचा शब्द ठेवला नाही, त्यांच्या मित्रांना चहा विचारला नाही. हा नियम मात्र डोळ्यांत तेल घालून पाळला, कारण त्यात दुसऱ्याला अडवण्याची सोय होती.

डावा पट्टा वकिलाला गेला, उजवा ठेकेदाराला, मधला मधल्या भावाला, म्हणजे मधलीच्या नवऱ्याला. आणि पायथ्याची खोली, जी पूर्वी भट्टीचं कोठार होती, तीही मधल्याला, कारण वाटणीच्या दिवशी सगळे बोलत होते आणि तो एकटा गप्प होता. खोली होती ठेकेदाराच्या पट्ट्याच्या बरोबर खाली. मधल्याने तिला रंग दिला, खिडकी काढली, बायकोला आणि लेकीला घेऊन तिथे राहायला गेला आणि काही वर्षांनी तिथेच आजारपणात गेला. त्याच्यामागे पाच पावसाळ्यांपूर्वी उजवा पट्टा सुटला. लाल चिखल खिडकीतून आत आला आणि पलंगावर चढला. मायलेकी त्या वेळी कामावर होत्या म्हणून वाचल्या. घराने हळहळ व्यक्त केली. ठेकेदाराने एक फावडं पाठवलं आणि नंतर ते परत मागून घेतलं.

त्यानंतर मधलीने वेल लावली. कारखान्याने चिकणमाती काढून रिकाम्या केलेल्या खाणीत ती वेल सोडलेली तिने पाहिली होती. दोन वर्षांत खाणीचा खड्डा हिरवा झाला होता. घेवड्यासारखी तीन तीन पानांची, लवदार, जांभळ्या फुलांची वेल. तिथून तिने ओंजळभर बी आणलं आणि आपल्या पट्ट्यात टोकलं. पहिल्या वर्षी काहीच उगवलं नाही. बियांची साल इतकी कडक की त्या खड्यांसारख्या पडून राहिल्या आणि वकिलाने येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं की आमच्या घरात आता खडे पेरतात. पुढच्या वर्षी तिने बी गरम पाण्यात भिजवून लावलं. मग मात्र वेलीने मागे वळून पाहिलं नाही. तिने मधला पट्टा झाकला, आणि बाबांचा नियम तिला कुणी सांगितला नसल्यामुळे डावा आणि उजवाही झाकला. पाऊस पानांवर पडून हळूच जमिनीत मुरायला लागला. गळलेल्या पानांचा थर कुजला. मुरमावर चांगली हातभर नाही, पण वीतभर काळी माती चढली. खोलीत पुन्हा चिखल आला नाही.

वकिलाने त्या वेलीचं नाव ठेवलं अतिक्रमण.

ताई आली ती रिक्षातूनच बोलत आली. ती सगळ्यांत थोरली, तिचं स्वतःचं ब्यूटी पार्लर होतं, आणि माहेरच्या भांडणांत ती निवाडा करायला येत असे. निवाडा नेहमी त्याच्या बाजूने लागे जो तिच्याशी शेवटचं बोलला असेल.

"बसा, उठू नका," ती म्हणाली. कुणी उठलं नव्हतं. "काय गं मधले, वाळलीस. वकील, तुझी बायको कुठंय?"

"तिचं डोकं दुखतंय."

"अशा दिवशी बरं नेमकं दुखतं. शहाणी आहे." ताईने बिस्कीट उचललं. "हं, सुरू करा. मला दुपारी नवरी सजवायचीय."

वकील उभा राहिला. खाकरला. समोर न्यायाधीश असल्यासारखा त्याने आईला नमस्कार केला, आईने तो माशी हाकलावी तसा हाताने परतवला.

"वस्तुस्थिती अशी," वकील म्हणाला, "की माझ्या पट्ट्यात माझी लिंबाची झाडं आहेत. होती, असं म्हणतो. त्यावर परपट्ट्यातली एक वेल चढली. तिने झाडं आवळली. शेंड्यापर्यंत झाकली. आज झाडं दिसत नाहीत, हिरवी बुजगावणी दिसतात. तीन वर्षं मी हा अन्याय माझ्या डोळ्यांनी पाहिला."

"पाहिला कशाला? कापायची होती," ताई म्हणाली.

"कशी कापणार? वेलीचं मूळ त्यांच्या पट्ट्यात. जिथे मूळ, तिथे मालकी. दुसऱ्याच्या मालाला मी हात लावत नाही. बाबांचा शब्द आहे."

"मी म्हणाले होते मी येऊन कापते," मधली म्हणाली. "पहिल्याच वर्षी म्हणाले होते. झाडाच्या बुंध्याभोवती हातभर जागा मोकळी ठेवली की पुरतं. एका दुपारचं काम. तर हे काठी घेऊन हद्दीवर उभे. पट्ट्यात पाय टाकायचा नाही म्हणाले."

"बाबांचा शब्द आहे," वकील पुन्हा म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं. खरं सांगायचं तर त्या झाडांचं त्याला काही पडलं नव्हतं. लिंबू त्याला बाधत असे. पण सकाळी चहाचा कप घेऊन हद्दीवर जावं, एकेक झाड गुदमरताना बघावं आणि परत येऊन बायकोला सांगावं की आज आणखी एक गेलं, यात त्याला नोकरीतही कधी मिळालं नाही असं सुख मिळत होतं. आयुष्यात पहिल्यांदा तो टायपिस्ट नव्हता, फिर्यादी होता.

"मग आता मागणं काय?" ताईने विचारलं.

"पावसाआधी वेल मुळासकट उपटावी. तिन्ही पट्ट्यांतून. आणि मला नवी कलमं आणून द्यावीत."

"माझा दादाला पाठिंबा आहे," ठेकेदार म्हणाला.

दादा! ताईच्या हातातलं बिस्कीट मांडीवर पडलं. गेली कित्येक वर्षं तो थोरल्या भावाचा उल्लेख 'तो तुमचा टायपिस्ट' असा करत होता.

मधली ठेकेदाराकडे वळली. "तुमचं काय गेलं, भाऊजी? तुमच्या पट्ट्यात ना झाड ना झुडूप. तुमचं वेलीने काय खाल्लं?"

"साप येतात," ठेकेदार म्हणाला. "पोरं खेळतात तिथे."

"पोरं मोबाइलवर खेळतात," आई म्हणाली. तिने ऐकलं होतं हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

"आणि उपटल्यावर पावसात काय होईल? खाली माझी खोली आहे. मागच्या वेळी चिखल कुठपर्यंत आला होता ते विसरलात?"

"वहिनी, तो पाऊसच तसा होता. दर वर्षी होतं का तसं? आता उतार बसलाय. मी धंद्यातला माणूस आहे, मला कळतं. काही होत नाही. खोली एकदम सुरक्षित आहे."

ताईला यात काही गोम दिसली नाही, कारण तिचं लक्ष घड्याळाकडे होतं. तिने निवाडा द्यायला तोंड उघडलं. "हे बघ मधले, दोघांचं एकमत झालंय तर तू कशाला ताणतेस? उपटून टाक. आणि काय रे," ती ठेकेदाराकडे वळली, "मग माझी माती कधी टाकतोस? माळी विचारतोय. काळी हवी म्हणाला, मुरूम चालणार नाही."

 आत फोडणीला टाकलेलं काहीतरी करपलं आणि ठेकेदाराची बायको, धाकटी, पदराला हात पुसत बाहेर आली.

"कसली माती?" मधलीने विचारलं.

ठेकेदार खिडकीकडे बघायला लागला. खिडकीत काही नव्हतं.

"अगं, त्याच्या पट्ट्यातली," ताई म्हणाली. आपण काय बोललो हे तिला अजून कळलं नव्हतं. "बंगल्यांच्या बागांना माती पुरवणारा कुणी व्यापारी आहे ना, तो ट्रक लावणार आहे. मला एक खेप फुकट देतो म्हणाला. भावाने बहिणीला एवढंही करू नये का?"

मधली हसली. ते हसू धाकटीला ओळखीचं होतं. मागे धाकटीने हौसेने स्वयंपाकघराची नवी फरशी घातली तेव्हा मधलीने वाकून एका फरशीला टिचकी मारली होती आणि असंच हसून म्हणाली होती, खालून पोकळ आहे. महिन्याभरात ती फरशी तडकली. तेव्हापासून धाकटीने तिला माफ केलं नव्हतं. आता मातीच्या पैशातून फरशी पुन्हा घालायची असं नवराबायकोचं ठरलं होतं, आणि मधलीला विचारायचं कारण नाही हेही.

"वा, भाऊजी! बाबांनी डोंगर विकला तो निदान त्यांना मिळालेला होता. तुम्ही माझ्या पानांचा पाचोळा विकताय! तीन वर्षं एक शब्द बोलला नाहीत. मला वाटलं, चला, एकजण तरी आडवा येत नाही. आणि तुम्ही खाली टाच रोवून मोजत होतात, किती बोटं चढली म्हणून. आयत्या बिळावर नागोबा!"

"माझ्या पट्ट्यातली माती माझी."

"वेल माझी आहे."

"म्हणूनच म्हणतोय, तुझी वेल तू घेऊन जा!" ठेकेदार एकेरीवर आला. "माझी माती मला मोकळी करून दे!"

"थांबा," वकील म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "ट्रक? मला तू म्हणालास साप येतात. ट्रकचं मला का नाही सांगितलंस?"

"तुला कलमं देतोय ना? मग?"

"कलमं! म्हणजे माझ्या खटल्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून तू माती विकणार?" वकिलाला धोका, चिखल, मधलीची खोली यातलं काहीच लागलं नव्हतं. त्याला लागलं ते एवढंच, की त्याचा खटला मुख्य खटला नव्हता. "मी पाठिंबा काढून घेतो."

"घे जा. तुझा पाठिंबा हवाय कुणाला? मूळ तिच्या पट्ट्यात आहे हे तूच म्हणतोस, मग वेल तिची आणि उपटायची जबाबदारी तिची. बस!"

"मूळ," मधली म्हणाली, "बघून या ना एकदा. तीन वर्षं मूळ मूळ करताय. कुणी वाकून बघितलंय?"

ताईला यात उन्हातून चालणं आहे एवढंच कळलं, पण आपल्या तोंडून काहीतरी भलतं निघून गेलं याचा तिला आता अंदाज येत होता आणि विषय बदलायला हे बरं होतं. "चला," ती उठली. "न्याय जागेवरच होऊन जाऊ दे."

अशी ही वरात टेकडीकडे निघाली. पुढे इस्त्रीच्या शर्टातला वकील, मागे साडीचा घोळ वर धरून ताई, मग ठेकेदार, धाकटी आणि सगळ्यांच्या मागे मधली. धाकटीची दोन पोरं सुट्टी मिळाल्यासारखी पुढे पळाली. आई खुर्चीतून उठली नाही. ती इतकंच म्हणाली, "बापाने माती विकली, तुम्ही धूळ विका."

हद्दीवर आल्यावर प्रत्येकजण आपापल्या पट्ट्यात जाऊन उभा राहिला. ताईचा पट्टाच नव्हता, मुलींना बाबांनी दिला नव्हता. तिला पाय कुठे ठेवायचा कळेना, तेव्हा ती पायवाटेवरच थांबली. गुडघाभर हिरवं सगळीकडे सारखं पसरलं होतं आणि हद्दीचे दगड त्याखाली कधीच गडप झाले होते, तरी एकाचंही पाऊल चुकलं नाही.

"ही बघा," वकील म्हणाला. त्याने आपल्या एका बुजगावण्यावरून लोंबणारी वेल पकडली. "ही इथून जाते, अशी, अशी, आणि तिकडे त्यांच्या हद्दीत. मी फक्त ओढून दाखवतो. ओढणं म्हणजे तोडणं नव्हे, हे नोंदवून घ्यावं."

त्याने ओढली. वेल थोडी ताणली गेली आणि अडली. त्याने आणखी जोर लावला. हद्द अजून चांगली दहा पावलं लांब होती आणि वेल त्याच्या चपलेजवळच जमिनीला घट्ट धरून होती. वकील वाकला, दोन्ही हातांनी हिसका दिला आणि मातीचं ढेकूळ त्याच्या शर्टावर आलं. ढेकळात पांढऱ्या मुळ्यांचा झुबका होता. त्याने पुढचं पेर उचकटलं. तिथेही मुळ्या. त्याच्या पुढच्या पेरालाही.

"जिथे जिथे टेकते तिथे तिथे मूळ धरते," मधली म्हणाली. "मागची वेल कापली तरी पुढची जगते. तुमच्या पट्ट्यात तुमच्या मातीत उगवलेली तुमची वेल आहे, दादा. तीन वर्षं तुमच्याच वेलीने तुमचीच झाडं आवळली आणि तुम्ही चहा पीत बघत होतात."

ताईला हसू फुटलं. तिने पदर तोंडाला लावला, पण ते हसू पदरातून बाहेर आलं. "अरे वकिला, स्वतःवरच खटला भर आता!"

वकील हातातल्या मुळ्यांकडे बघत राहिला. त्याचं वय अचानक दिसायला लागलं. फिर्याद गेली होती, आरोपी गेला होता, उद्या सकाळी चहाचा कप घेऊन जायचं कुठे हेही गेलं होतं. मधलीला क्षणभर त्याची कीव आली. पण तो लगेच खांब शोधायला लागला आणि इथे खांब नसल्यामुळे एका लिंबाच्या झाडाशी बोलला, "हे आधी सांगणं संबंधितांचं कर्तव्य होतं." मग तिची कीव आटली.

तेवढ्यात उजव्या पट्ट्यातून टाळी वाजली. ठेकेदार वाजवत होता.

"छान झालं! वहिनी, तुमच्याच तोंडून निकाल लागला. जिथे टेकते तिथे मूळ, जिथे मूळ तिथे मालकी. म्हणजे माझ्या पट्ट्यातली वेल माझी. आता उपटायला ना तुमची परवानगी, ना दादाचा पाठिंबा. उद्या माझे मजूर येतात, परवा ट्रक."

 मधलीने वकिलाला हरवायला म्हणून जो दगड मारला तो उलटून तिच्याच कपाळावर आला होता. मूळ कुठे आहे हे तिला तीन वर्षं माहीत होतं आणि ती बोलली नव्हती, कारण वेल आपली आहे हे तिलाही आवडत होतं. या एका बाबतीत ती याच घरची होती. आज न बोलता वकिलाला चार शिव्या घालून घरी गेली असती तरी खटला आणखी एक पावसाळा रेंगाळला असता. हुशारी दाखवायची खाज नडली, असं तिने स्वतःला सुनावलं.

"माती खरवडली तर सगळं खाली येईल," ती म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "भाऊजी, माझी लेक दवाखान्यात रात्रपाळी करते आणि दिवसा त्या खोलीत झोपते. कडी लावून झोपते."

"काही होत नाही हो. किती वेळा सांगू? एकदम सुरक्षित आहे."

"असं करू," ताई मध्ये पडली, "मधलं काहीतरी काढू. अर्धी माती—"

"तू गप्प बस, तुझी अर्धीही येणार नाही," वकील ओरडला. तो आता मधलीच्या बाजूचा झाला होता, प्रेमापोटी नव्हे, टाळीचा आवाज डोक्यात गेला म्हणून. "कायद्याने उताराच्या खाली वस्ती असेल तर खोदकाम करता येत नाही!"

"कुठल्या कायद्याने? तू टाइप केलेल्या?"

बोलत बोलत सगळे पायथ्याशी आले होते. खोलीचं दार उघडं होतं. मधलीची लेक अजून पाळीवरून आली नव्हती. धाकटीची पोरं आत शिरून पलंगावर उड्या मारत होती आणि पलंगाच्या स्प्रिंगा कुरकुरत होत्या.

मधलीने उंबऱ्यावर उभं राहून त्यांच्याकडे पाहिलं. मग ती ठेकेदाराकडे वळली. "एकदम सुरक्षित?"

"एकदम."

"मग ऐका. माती काढा. मी आडवी येत नाही, सगळ्यांसमोर सांगते. फक्त एवढा पावसाळा तुम्ही या खोलीत राहा आणि आम्ही दोघी तुमच्या घरी राहतो. भाडं नको. पोरांना इथे आवडतंयच, बघा. त्या पलंगावर झोपतील."

"त्यात काय!" ठेकेदार छाती काढून म्हणाला. माणूस चारचौघांत बोलून गेला की मागे कसा फिरणार? "राहू की. उलट पोरांना मजा. काय गं, राहू ना?"

धाकटी पलंगामागच्या भिंतीकडे बघत होती. चिखल आला त्या दिवशी घरातून ती एकटीच इथे आली होती. प्रेमाने नव्हे, बघायला म्हणून. तिने पाहिलं होतं की उशी भिंतीजवळ जिथे असायची तिथे चिखलच होता आणि चिखलाची रेघ उशीच्या वर भिंतीवर होती. घरी जाऊन तिने नवऱ्याला ते सांगितलं होतं. नवऱ्याने ते ऐकलं होतं. नंतर दोघांनी त्यावर रंग बसेल आणि विषय संपेल अशी वाट पाहिली, आणि दोन्ही गोष्टी झाल्या होत्या.

"अगं, बोल ना."

"माझी पोरं इथे झोपणार नाहीत," धाकटी म्हणाली.

"एक पावसाळा तर—"

"एक दुपारसुद्धा नाही. तुम्ही झोपा हवं तर."

ठेकेदाराचं तोंड उघडं राहिलं. ताई कुंकू नीट आहे का बघावं तशी कपाळावरून बोट फिरवायला लागली. वकील चपलेने माती उकरत होता. कुणीच कुणाकडे बघत नव्हतं, आणि मधली एकेकाकडे बघत होती.

तीन वर्षं ती या माणसांना मूर्ख समजत आली होती. उतार कळत नाही, पाणी कळत नाही, मूळ कळत नाही, म्हणून हे असं वागतात. तिने त्यांना हसून घेतलं होतं, टोमणे मारले होते, आणि मनातल्या मनात दर वेळी माफही केलं होतं, कारण बिनडोक माणसावर कितीसं रागवणार? आता तिला त्यातल्या कुणालाही माफ करावंसं वाटेना.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "तुझ्या पोरांसाठी माहीत होतं. माझ्या पोरीसाठी माहीत नव्हतं."

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. मधलीला ते बघून समाधान वाटायला हवं होतं, पण तिला फक्त राग आला आणि तो राग पुरेना.

ठेकेदाराने खिशातून फोन काढला. जरा बाजूला गेला, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतकाच बाजूला. "हां, शेठ. नाही, ट्रक नका पाठवू. नाही, अडचण कसली? माती अजून कच्ची आहे. मी स्वतः तपासली ना. घाईत कच्चा माल देणं माझ्या तत्त्वात बसत नाही. पुढच्या वर्षी बघू, आणखी चढेल." फोन ठेवून तो वळला तेव्हा त्याची छाती पुन्हा पूर्वीइतकी वर आली होती. "भाव पण चढेल," तो सगळ्यांना उद्देशून म्हणाला. "मी असाही थांबणारच होतो."

"पुढच्या वर्षी मी पुन्हा हेच विचारीन," मधली म्हणाली. "तुम्हाला नाही, भाऊजी. हिला."

 धाकटी खोलीत शिरली, दोन्ही पोरांना दंडाला धरून पलंगावरून खाली ओढलं आणि आभाळात एकही ढग नसताना त्यांना घाईघाईने बाहेर घेऊन गेली.